विमानतळात कोणी राहत नाही

मुंबई ते दुबई हे अंतर १,९३० किलोमीटर भरते. विमानाला जाताना साधारण सव्वातीन तास लागतात, येताना पावणेतीन. आकड्यांत खोट नाही. पण हा प्रवास नेमका करतो कोण, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. मोजणी होते विमानतळापासून विमानतळापर्यंत, आणि विमानतळात कोणी राहत नाही. मुंबईच्या, म्हणजे सहारच्या, विमानतळाचे म्हणून कागदोपत्री जे अक्षांश-रेखांश लावलेले असतात, ते धावपट्ट्यांच्या आसपास कुठेतरी पडतात. तिथे गवत असते, टिटव्या असतात आणि टिटव्यांना हुसकावणारा एखादा कर्मचारी असतो. त्या बिंदूपासून दुबईच्या तशाच बिंदूपर्यंत पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला, तर सौराष्ट्राला उजव्या हाताला ठेवून, अरबी समुद्र ओलांडून, ओमानचा किनारा कापत तो १,९३० किलोमीटर भरतो. प्रवास टिटवीचा असेल तर हिशेब चोख आहे.

तरी या आकड्यांशी खेळायला मजा येते. मुंबईहून गुवाहाटी सुमारे २,०७० किलोमीटर, म्हणजे दुबईपेक्षा चांगली लांब. मस्कत तर कोलकात्यापेक्षाही जवळ. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा मुलगा गुवाहाटीला असतो आणि मुलगी दुबईला. मुलाबद्दल ते ‘इथेच असतो, आसामात’ असे म्हणतात. मुलीचा विषय निघाला की मात्र आवाज खाली जातो आणि ‘फार लांब पडली हो’ असे वाक्य येते. मी त्यांना एकदा किलोमीटर सांगून पाहिले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “ज्याला पासपोर्ट लागतो ते लांब.” भूगोलाच्या कुठल्याही पुस्तकात इतकी नेटकी व्याख्या मला मिळालेली नाही.

आता वेळ. प्रवासी विमान वर गेल्यावर तासाला साडेआठशे किलोमीटर सहज कापते. १,९३० ला त्याने भागले तर सव्वादोन तास आणि वर एखादे मिनिट. मग सव्वातीन कसे होतात? वरचा तास जमिनीवर आणि जमिनीच्या आसपास जातो. वेळापत्रकातली वेळ सुरू होते ती विमान उडाल्यावर नव्हे, तर चाकांखालचे ठोकळे काढून ते मागे ढकलायला लागल्यावर. आणि संपते ती पलीकडे पुन्हा ठोकळे लागल्यावर. मधल्या काळात मुंबईचे विमान काय करते? रांगेत उभे राहते. मुंबईत धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदून जातात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. शहरातल्या बहुतेक घरांत न्हाणीघराची हीच परिस्थिती असल्यामुळे मुंबईकर या रांगेबद्दल कधी तक्रार करत नाही. खिडकीतून पुढची शेपटी पाहत बसतो.

या रांगा, वळणे आणि वरून घालाव्या लागणाऱ्या घिरट्या विमान कंपन्यांना पाठ असतात. म्हणून त्या वेळापत्रकातच थोडी ऐसपैस जागा ठेवतात. वर पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर हा त्या धंद्यात उशीर धरतच नाहीत. मग अधूनमधून घोषणा होते की आपण नियोजित वेळेच्या वीस मिनिटे आधी उतरलो आहोत, आणि लोक एकमेकांकडे कौतुकाने बघतात. आपल्याकडे लग्नपत्रिकेवर मुहूर्ताची वेळ याच तत्त्वावर छापतात, फक्त उलट्या दिशेने.

जातानाच्या आणि येतानाच्या वेळेत जो अर्ध्या तासाचा फरक पडतो, त्याचे श्रेय वाऱ्याला. वरच्या थरांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात. दुबईहून येताना ते पाठीशी असतात, जाताना तोंडावर. आशियाच्या पूर्व टोकाला त्यांचा जोर फारच. दिल्लीहून टोकियोला जाताना लागणारा वेळ आणि टोकियोहून परत यायला लागणारा वेळ यांत दीड-दोन तासांची तफावत पडू शकते. हे वारे नीट मोजणाऱ्या पहिल्या मंडळींत एक जपानी हवामानशास्त्रज्ञ होते, वासाबुरो ओइशी. टोकियोजवळच्या तातेनो इथल्या वेधशाळेतून १९२० च्या दशकात त्यांनी फुगे सोडले, ते कुठे वाहत जातात ते टिपले आणि १९२६ साली अहवाल छापला. साऱ्या जगाला वाचता यावा म्हणून त्यांनी तो एस्परांतो भाषेत लिहिला. ही जगाची सामाईक भाषा होणार, अशी त्यांची श्रद्धा होती. जगाने तो वाचला नाही. १९४४ साली जपानवर उंचावरून जाणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना हे वारे आडवे आले, तेव्हा वैमानिक चक्रावून गेले. सगळ्यांसाठी म्हणून लिहिलेले कोणीच वाचत नाही, हा अनुभव आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकालाही आहे.

वाऱ्यानंतर घड्याळ. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. त्यामुळे दुपारी साडेतीनला सहारहून निघालेले विमान तिकडच्या घड्याळात सव्वापाचला पोचते, आणि तिकिटावरच्या दोन वेळा पाहून भाबड्या माणसाला वाटते की पावणेदोन तासांत दुबई. परतीच्या तिकिटावर तेच अंतर सव्वाचार तासांचे दिसते. यातला अर्धा तास आपल्या हट्टाचा आहे. जगातल्या बहुतेक देशांनी पुरे तास घेतले, आपण साडेपाच घेतले. नेपाळने पावणेसहा घेतले, म्हणून दिल्लीहून काठमांडूला जाणारा माणूस घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करतो. पण या बाबतीत मुंबईसारखी हटवादी नगरी विरळा. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईने ती मनापासून स्वीकारलीच नाही. मुंबईची स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागची, आणि ती शहराने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत धरून ठेवली. आज ती चालू असती तर दुबई आपल्यापेक्षा केवळ ५१ मिनिटे मागे राहिली असती आणि दिल्ली ३९ मिनिटे पुढे. मुंबईकराला मनातून दुबई दिल्लीपेक्षा जवळची का वाटते, याचा शोध कोणी घेतलाच तर इथून सुरुवात करायला हरकत नाही.

हे सगळे शास्त्र झाले. आता आत्या.

माझी आत्या चिपळूणला राहते. तिचा मुलगा दुबईला असतो, म्हणजे नोकरी दुबईत आणि घर शारजात, कारण भाडे तिथे परवडते. कोकणातल्या घरांत आखात म्हणजे काही अपूर्वाई नाही. रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी गावांत आखाती पैशाने उठलेल्या माड्या आहेत. गणपती झाले की आत्या लेकाकडे निघते. दुपारी साडेतीनचे विमान, म्हणून ती चिपळुणातून रात्री तीनला निघते.

“अगं, बारा तास आधी?” मी एकदा विचारले.

“माणगाव आहे ना मध्ये,” आत्या म्हणाली.

ज्यांना माणगाव माहीत नाही त्यांना हे वाक्य समजणार नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना समजावण्याची गरज नाही. माणगाव ज्यावर आहे त्या मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले. या एका वाक्यावर कोकणातला कुठलाही माणूस अर्धा तास बोलू शकतो, म्हणून मी पुढे जातो. गौरी-गणपती संपवून परतणारे चाकरमानी, त्यांच्या टपावर बांधलेले नारळ आणि काकड्या, एसटीच्या जादा गाड्या, खासगी बस आणि या सगळ्यांच्या मध्ये आत्याची जीप, असे सारे माणगावच्या बाजारपेठेत एकत्र येते आणि तिथेच राहते. चिपळूण ते सहार अडीचशे किलोमीटरच्या आसपास. त्याला सात तास लागले तर आत्या गाडीवाल्याला वर शंभर रुपये देते. आठ लागले तर देत नाही, पण रागावतही नाही.

निघण्याआधीचा एक मोठा टप्पा मी विसरतोच आहे, आणि तो घरातच पार पडतो. बॅग. आत्याच्या मते मुंबई-दुबई अंतराचे खरे मोजमाप तराजूवर होते. तिकिटावर जेवढे किलो लिहिलेले असतात तेवढ्यात कोकम, कुळथाचे पीठ, मेतकूट, फणसपोळी आणि नातवाचे स्वेटर बसवायचे असते. नातू ज्या गावात राहतो तिथे उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश तापमान असते, पण हे तिला सांगून उपयोग नाही. “घरात एसी असतो ना,” ती म्हणते, आणि खरेच असतो.

अडचण आली ती पंचखाद्याची. गणपतीचा प्रसाद लेकाला मिळालाच पाहिजे. पंचखाद्यात खोबरे, खारीक, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस. पैकी सुके खोबरे विमानाच्या सामानात चालत नाही. ते तेलकट असते आणि आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून त्याची गणना धोकादायक मालात होते. खसखशीचे तर त्याहून गंभीर. ती अफूच्या बोंडातली, त्यामुळे संयुक्त अरब अमिरातीत तिला बंदी आहे आणि ती जवळ सापडल्यामुळे लोक तुरुंगात गेलेले आहेत. आत्याला हे सगळे सुनेने फोनवर समजावले. आत्याने ऐकले, फोन ठेवला आणि बराच वेळ त्या डब्याकडे पाहत बसली. गणपतीसमोर ठेवलेल्या प्रसादातली एक वस्तू स्फोटक आणि दुसरी अमली पदार्थ, हे पचवायला कोणालाही वेळ लागेल. शेवटी खारीक, खडीसाखर आणि खिसमिस एवढेच दुबईला गेले. पाचातले तीन पोचले म्हणजे तसे बरेच झाले.

दोन ठिकाणांमधले अंतर आकाश ठरवत नाही, खालचे ठरवतात, हे मला पंचखाद्यावरून सुचले तरी त्याचे सर्वांत अफाट उदाहरण वर पंजाबात आहे. अमृतसरचा विमानतळ आणि लाहोरचा विमानतळ यांच्यात सरळ रेषेत जेमतेम ४३ किलोमीटर आहेत. विमानाला तर हे अंतर कापता येणे कठीण. पुरते वर चढण्याआधीच उतरायला लागावे लागेल. थेट विमान नाहीच. कोणाला हट्टाने हवाई मार्गानेच जायचे असेल तर अमृतसरहून दुबई, दुबईहून लाहोर, असे कागदावर चार हजार किलोमीटर भरतात. २०२५ च्या एप्रिलअखेरीस दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केले, तेव्हापासून अमृतसरहून निघालेले विमान आधी राजस्थान-गुजरातकडे खाली येते आणि मग पश्चिमेला वळते, त्यामुळे चार हजारांतही भागत नाही. आणि हे सगळे व्हिसा मिळाला तर. म्हणजे ४३ किलोमीटरच्या प्रवासाला एक पूर्ण दिवस, दोन विमाने, तिसरा देश आणि कोणाचा तरी वशिला.

ढगांना मात्र यातले काही माहीत नाही. २०२३ च्या मे महिन्यात मस्कतहून लाहोरला येणारे एक पाकिस्तानी विमान मुसळधार पावसात उतरू शकले नाही, आणि वळता वळता भारताच्या हद्दीत शिरून दहाएक मिनिटे हिंडून परत गेले. पुढच्याच महिन्यात अमृतसरहून अहमदाबादला निघालेल्या विमानाने फेड केली. वादळ चुकवताना ते लाहोरच्या बाजूने थेट गुजरांवालापर्यंत गेले आणि अर्ध्या तासाने परत आले. त्यातल्या प्रवाशांपैकी कितीजणांना कळले असेल? बहुतेक झोपलेले असतील. आयुष्यात पाकिस्तानला गेले आणि सँडविच खाऊन परत आले.

तैवानचे लोक असल्या प्रवासात आपल्याहून मुरलेले. तैपेई ते शांघाय सुमारे ६८० किलोमीटर, म्हणजे आपले मुंबई-नागपूर. पण अनेक दशके तैपेईच्या माणसाला शांघायला जाण्यासाठी आधी हाँगकाँग किंवा मकावला उतरून दुसरे विमान धरावे लागे. २००८ च्या जुलैत शनिवार-रविवारची खास विमाने सुरू झाली. तीही आधी दक्षिणेला जाऊन, शिवाशिवीतला गडी खांबाला हात लावून येतो तशी हाँगकाँगच्या आकाशाला शिवून मग उत्तरेला वळत. त्या वर्षीच्या डिसेंबरात सरळ रस्ता मिळाला. तिथल्या म्हाताऱ्यांना मग चुकल्याचुकल्यासारखे झाले का, हे विचारायला हवे; हाँगकाँगच्या विमानतळावर दुकाने चांगली आहेत.

मुंबई-दुबईचे नाते या मानाने फारच सरळ. आत्याच्या सासरचे एक चुलते विमानाच्या भानगडीत न पडता आगबोटीने गेले होते. मुंबईहून कराची, मस्कत करत आखातात जाणाऱ्या बोटी होत्या. त्यांतली ‘द्वारका’ १९८२ पर्यंत चालत राहिली. त्या प्रवासाला दिवसच्या दिवस लागत, पण सुके खोबरे बिनबोभाट जाई. आणि पलीकडे उतरल्यावर खिशातला रुपयाच चाले. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, आणि १९६६ पर्यंत दुबईच्या बाजारात रुपया चालत होता. दुबईच्या खाडीत १९३७ पासून ब्रिटिशांची पाण्यावर उतरणारी विमाने थांबू लागली, तीही हिंदुस्थानच्या वाटेवरचा एक थांबा म्हणून. एमिरेट्स कंपनीचे पहिले विमान २५ ऑक्टोबर १९८५ रोजी कराचीला गेले, आणि सुरुवातीच्या मोजक्या शहरांत मुंबईही होती. तेव्हा पासपोर्टवाले ‘लांब’ एका बाजूला ठेवले, तर हे शेजारचेच गाव म्हणावे लागेल.

आत्याचे विमान यंदाही वेळेआधी उतरले. पासपोर्टवर शिक्का बसला, पट्ट्यावरून बॅग आली, मेतकुटाची पिशवी फुटली नव्हती. लेक न्यायला आला होता. चिपळूण या क्षणी सतरा तास मागे होते. त्यांतले विमानात गेले सव्वातीन. विमानतळापासून शारजाची हद्द आठ-दहा किलोमीटर. संध्याकाळचे साडेसहा झाले होते, आणि संध्याकाळी साडेसहाला दुबईत काम करून शारजात राहणारा एकूण एक माणूस त्याच रस्त्यावर असतो. सात पदरी रस्त्यावर सातही पदर उभे. लेकाने इंजिन चालू ठेवून हँडब्रेक ओढला.

इकडे आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर ‘पोचलीस का?’ असे विचारणारे सहा-सात जण जमले होते. विमान उतरल्याचे सगळ्यांनी फोनवर पाहिले होते, आणि आत्याचा मात्र पत्ता नव्हता. शेवटी मीच फोन लावला.

“विमान पोचलं रे कधीच,” आत्या म्हणाली. “आम्ही माणगावात आहोत.”

मागून लेक हसल्याचा आवाज आला. मग आत्याने फोन बाजूला धरून त्याला काहीतरी सांगितले, बहुधा डबा उघडायला, कारण पुढचे तिचे बोलणे तोंडात खडीसाखर असल्यासारखे येत होते.